राखेतून तांबे, कातळावर काजू

फोंडा किंवा आंबोलीचा घाट चढून सिंधुदुर्गातील माणूस कोल्हापूरला जातो, तो बाजारासाठी, दवाखान्यासाठी किंवा अंबाबाईच्या दर्शनासाठी. त्या कोल्हापूरच्या वेशीवर, वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत नांदत होती. सोव्हिएत रशियाने घरादारातून उचलून सैबेरियात फेकलेली ही कुटुंबे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. तिकडे जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी अशाच पोलिश बालकांना पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळले. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला पुष्पांजली वाहिली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्या आतिथ्याच्या आठवणी छापल्या. ते उचितच झाले. परंतु त्या पाहुण्यांच्या देशाचे युद्धानंतर काय झाले, कोणत्या बळावर तो पुन्हा उभा राहिला, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला गेला. सह्याद्रीच्या या बाजूला, समुद्राकाठच्या जिल्ह्यात, तो विचारण्यासारखा आहे. कारण ज्या काळात पोलंड आपल्या ज्ञानपरंपरेची पुनर्बांधणी करीत होता, त्याच काळात वेंगुर्ल्याच्या मातीतही एका शास्त्रीय उपक्रमाचे बीजारोपण झाले. दोन्हीकडे पीक आले. मात्र एकाने ते आपल्या कोठारात भरले आणि दुसऱ्याचे बरेचसे खळ्यातूनच परक्याच्या गाडीत गेले.

पोलंडची हानी केवळ घरांची आणि पुलांची नव्हती. राष्ट्र मारायचे तर आधी त्याचे गुरुकुल मारावे, हे नालंदेपासून जगाला ठाऊक आहे. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकूवच्या प्राचीन विद्यापीठात व्याख्यानाच्या मिषाने अध्यापकांना एकत्र बोलावून नाझींनी १८३ जणांना अटक केली आणि छळछावणीत धाडले. जुलै १९४१ मध्ये ल्वूव शहरातील प्राध्यापकांना रात्री घरातून उचलून गोळ्या घालण्यात आल्या. नाझी पश्चिमेकडून हे करीत होते, तेव्हा पूर्वेकडून स्टालिनचे हातही स्वच्छ नव्हते. १९४० मध्ये कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांची हत्या झाली. त्यांत राखीव अधिकारी म्हणून सैन्यात गेलेले डॉक्टर, अभियंते, शिक्षक मोठ्या संख्येने होते. मॉस्कोने ही गोष्ट १९९० पर्यंत कबूल केली नाही, आणि आपल्याकडील डाव्या विद्वानांच्या लेखण्यांनाही या विषयासाठी फारशी शाई मिळाली नाही. वॉर्सा शहर तर जवळजवळ सगळेच जमीनदोस्त झाले होते. युद्ध संपताच ल्वूव रशियाकडे गेले. तेथील उरलेसुरले अध्यापक पुस्तकांच्या पेट्यांसह पश्चिमेकडे, व्रोत्स्वाफ नावाच्या पडक्या शहरात आले आणि १९४५ मध्येच त्यांनी तेथे वर्ग सुरू केले. वळिवड्याच्या अनेक निर्वासितांनी मात्र साम्यवादी झालेल्या मायदेशी परतण्यापेक्षा ब्रिटन आदी देशांची वाट धरली. जे मागे राहिले, त्यांच्यावर दुहेरी भार होता. राष्ट्र उभारायचे आणि राज्यकर्त्यांपासून ते वाचवायचेही.

या पुनर्बांधणीतील सर्वांत बोलका अध्याय तांब्याचा आहे. यान विझिकोव्स्की नावाचा भूशास्त्रज्ञ पोलंडच्या राज्य भूशास्त्र संस्थेत काम करीत होता. नैर्ऋत्य पोलंडच्या भूगर्भात मोठा ताम्रसाठा असावा, असे त्याचे अनुमान होते. अनेकांचा त्यावर विश्वास नव्हता. पाडलेली विवरे एकामागून एक कोरडी जात होती. शेवटी मार्च १९५७ मध्ये सिएरोशोवित्से येथे सुमारे साडेसहाशे मीटर खोलीवर तांबे हाती लागले. येथवरची कथा कोणत्याही देशात घडू शकते. पोलंडचे वैशिष्ट्य पुढे आहे. सापडलेले खनिज गाडीत भरून परदेशी पाठविण्याचा सोपा मार्ग त्यांनी धरला नाही. १९६१ मध्ये त्यासाठी खास उद्योग स्थापन झाला. लुबिनची खाण, लेग्नित्सा आणि ग्वोगूवच्या भट्ट्या, शुद्धीकरण, त्यातूनच निघणारी चांदी, हे सारे एकाच टापूत वसले. त्या एका चिकाटीच्या विवरातून आज तांबे आणि चांदी यांच्या उत्पादनात जगातील आघाडीच्या कंपन्यांत गणली जाणारी कंपनी उभी आहे.

आणि त्याच १९५७ साली वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र सुरू झाले.

वेंगुर्ले हे डच वखारीचे, जुन्या बंदराचे, आमराईचे आणि माडाबागांचे गाव. परंतु केंद्राच्या दृष्टीने महत्त्वाची होती ती बागायत नव्हे, तर वरकस जमीन, म्हणजे कातळाची, उताराची, पावसाळ्यात वाहून जाणारी आणि उन्हाळ्यात भाजणारी जमीन. अशा जमिनीवर तग धरणारे झाड म्हणजे काजू. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्याच्या किनाऱ्यावर आणला. कोकणी माणसाने तो डोंगरउतारावर लावला आणि विसरून गेला. बी टाकून उगवलेली ही झाडे प्रत्येक वेगळ्या स्वभावाची. एक लवकर मोहरते, दुसरे उशिरा. एकाची बी अंगठ्याएवढी, दुसऱ्याची चिंचोक्याएवढी. फळले तर फळले, असा सारा व्यवहार.

वेंगुर्ल्याच्या शास्त्रज्ञांनी प्रथम काय केले, तर आसपासची गावे पायाखाली घातली. शेतकऱ्यांच्या परसातील आणि डोंगरातील उत्तम झाडे हेरली. अणसूर गावच्या अशा एका झाडाच्या निवडीतून १९७४ मध्ये ‘वेंगुर्ला-१’ ही जात आली. वेतोरे गावच्या झाडाला ‘वेतोरे-५६’ असा क्रमांक मिळाला आणि पुढे ते संकराचा पिता ठरले. १९८१ मध्ये प्रसारित झालेली ‘वेंगुर्ला-४’ ही जात म्हणजे बंगालच्या मिदनापूरचा तांबडा काजू आणि वेतोऱ्याचा काजू यांचा संकर. १९९७ मधील ‘वेंगुर्ला-७’ मध्ये कोकणच्या ‘वेंगुर्ला-३’शी तामिळनाडूतील वृद्धाचलमच्या वाणाचे मीलन आहे. तिची बी सुमारे दहा ग्रॅमची, आणि शंभर किलो बीमागे तीस किलोच्या आसपास गर. राष्ट्रीय एकात्मतेवर परिसंवाद पुष्कळ होतात. बंगाल, तामिळनाडू आणि कोकण यांचे असे बिनबोभाट ऐक्य वेंगुर्ल्याच्या कातळावर कधीच सिद्ध झाले आहे.

आंब्याचेही तेच. हापूस हा कोकणचा राजा, पण त्याला साक्याचा शाप. बाहेरून सोन्यासारखे दिसणारे फळ कापल्यावर आत पांढरट, आंबट, स्पंजासारखे निघते. शिवाय एक वर्ष फळतो, एक वर्ष रुसतो. दक्षिणेतील नियमित फळणारा नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात आली. तिच्यात साका नाही. ‘रत्ना’ आणि हापूस यांच्या पुनःसंकरातून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आली. हिची कोय इतकी पातळ की नसल्यातच जमा. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी त्याच्या पदरात ‘रत्ना’ व ‘वेंगुर्ला-४’ अशी दोन लेणी पडली. बाजाराने ‘रत्ना’ला हापूसचे सिंहासन दिले नाही, हे खरे. हापूस या तीन अक्षरांपुढे शास्त्र हरले. ग्राहकाची जीभ ही मोठी सनातनी असते!

जात तयार होणे आणि ती शेतकऱ्याच्या बांधावर पोचणे, या दोन गोष्टींत मोठी दरी असते. काजूच्या बीपासून रोप केले की आईचे गुण लेकीत उतरतीलच असे नाही. म्हणून मृदुकाष्ठ कलमाची पद्धत येथे रुळविण्यात आली. कोवळ्या रोपाच्या मऊ खोडात निवडक झाडाची काडी बसवायची आणि हुबेहूब त्याच गुणांचे झाड मिळवायचे. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आणली आणि लागवडीचा खर्च अनुदानातून मिळू लागला. प्रयोगशाळेतील कलम, रोपवाटिकेतील पिशवी आणि शासनाचे अनुदान यांचा असा त्रिवेणी संगम आपल्याकडे वारंवार होत नाही. कोकणातले बोडके डोंगर त्यामुळे हिरवे झाले. एवढे श्रेय, पक्ष कोणताही असो, द्यावेच लागेल.

वैद्यकातही या किनारपट्टीचे एक उज्ज्वल उदाहरण आहे. ते सिंधुदुर्गातील नव्हे, कोकणाच्या उत्तर भागातील रायगड जिल्ह्याचे. मराठवाड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे, विशेषतः मुले, एका रात्रीत दगावत. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब चढलेला, अखेरीस फुप्फुसात पाणी. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून या लक्षणांचा क्रम टिपला. रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचवाच्या विषाचा परिणाम नेमका जेथे होतो तेथेच अडसर घालते, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्वी दाखल झालेल्या गंभीर रुग्णांत तीस-चाळीस टक्के मृत्यू होत. ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांच्या लेखांची दखल घेतली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ना मोठी प्रयोगशाळा, ना परदेशी अनुदान.

व्रोत्स्वाफमध्येही असाच एक चिवट मनुष्य होता. लुडविक हिर्शफेल्ड यांनी पहिल्या महायुद्धात सलोनिका आघाडीवर निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले होते. त्यांत आपले भारतीय जवानही होते. दुसऱ्या महायुद्धात हिर्शफेल्ड वॉर्साच्या ज्यू वस्तीतील कोंडवाड्यातून कसेबसे वाचले आणि उतारवयात त्यांनी व्रोत्स्वाफला रोगप्रतिकारशास्त्राची संस्था उभी केली. जंतूंना खाणाऱ्या विषाणूंनी जंतुसंसर्ग बरा करण्याची विद्या पेनिसिलिन आल्यावर पश्चिमेने टाकून दिली. या संस्थेने ती जपली. आज प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा जगाला त्या जुन्या वाटेची पुन्हा आठवण होत आहे. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे हँकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये नोंदविले होते. त्यामागे असेच विषाणू असावेत, असे पुढे अनेकांना वाटले. गंगाजलाची हेटाळणी करणाऱ्या पुरोगाम्यांनी एवढी एक नोंद चाळायला हरकत नाही.

मग अडले कोठे? अडले ते बागेच्या बेड्यापाशी, बागायतदाराच्या उंबरठ्यावर. वेंगुर्ल्याने झाड दिले. परंतु झाडाखाली पडलेल्या बीचे पुढे काय होते, हे पाहावे. चार किलो बीपासून साधारण एक किलो गर निघतो, आणि खरा पैसा बी विकण्यात नसून गर काढण्यात, त्याची प्रतवारी करण्यात आणि तो नावानिशी विकण्यात आहे. कोकणात छोटे प्रक्रिया उद्योग पुष्कळ निघाले, घाटावर चंदगड-आजऱ्यातही निघाले. तथापि देशातील कारखान्यांची भूक भागते ती फार मोठ्या प्रमाणात आफ्रिकेतून, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया येथून आयात होणाऱ्या बीवर. ती बी स्वस्त पडली की अणसूर-वेतोऱ्याच्या बीचा भाव कोसळतो. गराच्या निर्यातीत व्हिएतनाम तर या शतकाच्या पहिल्याच दशकात भारताच्या पुढे निघून गेला. ‘वेंगुर्ला काजू’ला भौगोलिक मानांकन आहे. पण ‘कोकणचा काजू’ असे छापलेल्या पाकिटात कोणत्या खंडाचा गर आहे, हे दादरच्या गृहिणीला कसे कळावे? टरफलाच्या तेलाचा उपयोग रंग, राळ, वाहनांच्या ब्रेकचे अस्तर यांत होतो; तो मोठा उद्योगही येथे रुजला नाही. आणि बोंडे? बीच्या वजनाच्या कित्येक पट वजनाची, संत्र्याहून कितीतरी अधिक ‘क’ जीवनसत्त्व असलेली ही फळे मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली कुजतात. गोव्याने त्यातून फेणी गाळली आणि २००९ मध्ये तिला मानांकनही मिळविले. येथे मद्याची भलामण करावयाची नाही. पण बोंडाच्या रसाचा तुरटपणा घालवून त्याचे सरबत करण्याच्या पद्धती दापोलीच्या कृषी विद्यापीठाने केव्हाच सांगितल्या आहेत. त्या पुस्तिकेत आहेत, बाजारात क्वचित आहेत. रेडीच्या लोहखनिजाची कथा याहून जुनी. ते बोटीत भरून परदेशी गेले, पोलाद दुसऱ्यांनी केले, आणि गावाच्या वाट्याला तांबड्या धुळीचे रस्ते आले.

यावर ठरीव उत्तर येते की, हे सारे सरकारने करावे. येथे पोलंडचा दुसरा, कडवट अध्याय वाचला पाहिजे. यान चोखराल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये धातूचा एकसंध स्फटिक वितळलेल्या द्रवातून ओढून काढण्याची रीत शोधली. आजच्या प्रत्येक संगणकातील सिलिकॉन मुख्यत्वे त्याच रीतीने तयार होते. युद्धानंतर या माणसावर जर्मनांशी संगनमताचा आरोप आला. चौकशीत पुरावा मिळाला नाही, तरी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठाने त्याला परत घेतले नाही. जन्मगावी लहानसा रासायनिक कारखाना चालवीत १९५३ मध्ये तो वारला आणि विद्यापीठाने त्याचा सन्मान पुनःस्थापित केला तो २०११ मध्ये! यात्सेक कार्पिन्स्की हा १९४४ च्या वॉर्सा उठावातील जखमी योद्धा. त्याने १९७० च्या सुमारास ‘के-२०२’ हा छोटा, वेगवान संगणक घडविला. मोजकी यंत्रे तयार झाली, आणि १९७३ मध्ये काम थांबविण्यात आले. सोव्हिएत गटाचे संगणक कोणत्या नमुन्याचे असावेत हे मॉस्कोच्या कलाने ठरत होते, त्यात हा स्वतंत्र बुद्धीचा अभियंता बसत नव्हता. पुढे त्याने खेड्यात डुकरे आणि कोंबड्या पाळल्या. विचारसरणीचा शिक्का बुद्धीपेक्षा मोठा झाला की काय होते, याचे हे दोन दाखले. आपल्या परमिट-राज्यातही कारखानदाराला यंत्रापेक्षा परवान्याची काळजी अधिक असे, हे जुन्या पिढीला सांगावयास नको.

तांब्याच्या बाबतीतही सत्ता तीच होती, हा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खरा आहे. फरक एवढाच की, तांबे उपसण्यात भूशास्त्रज्ञ, खाणकामगार आणि तो टापू यांचे हित एकत्र गुंफले गेले. संगणकात तसे कोणी पाठीशी नव्हते. ज्ञानाला पाठीशी समाज लागतो. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांत एकात्म मानववाद मांडला. जे आपले आहे ते युगानुकूल करावे, जे बाहेरचे आहे ते देशानुकूल करून घ्यावे, अशी त्या विचाराची दिशा. ब्राझीलचा काजू वेतोऱ्याचा होणे, परदेशी प्राझोसिन बिरवाडीच्या विंचवावर चालणे, ही त्याचीच उदाहरणे. शास्त्रज्ञांनी आपला वाटा उचलला. उरलेला वाटा समाजाचा.

आणि कोकणात हा समाज अर्धा गावात, अर्धा मुंबईत आहे. सिंधुदुर्गातील कितीतरी वरकस जमिनीच्या सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे असतात. एक चुलता परळला, दुसरा बोरिवलीला, तिसऱ्याचा मुलगा अमेरिकेत. सर्वांची संमती मिळत नाही म्हणून कर्ज नाही, अनुदान नाही, कलम नाही. जमीन ओसाड राहते किंवा परप्रांतीय खरेदीदाराच्या घशात जाते. हेच चाकरमानी गणपतीला रांगा लावून गावी येतात, आंगणेवाडीच्या जत्रेला लाखोंनी लोटतात, ग्रामदैवताच्या जीर्णोद्धाराला सढळ हाताने देणगी देतात. ही श्रद्धा मोठी आहे आणि तिचा उपहास करणाऱ्यांची येथे गय नाही. पण ज्या भाऊबंदांना देवळाच्या कळसासाठी एका बैठकीत एकमत करता येते, त्यांना त्याच बैठकीत सामाईक जमिनीचे मुखत्यारपत्र गावात राहणाऱ्या एका पुतण्याच्या नावे का करता येऊ नये? गावातल्या दहा बागायतदारांनी मिळून बी साठवण्याची कोठी का उभारू नये? हंगामात भाव पडलेला असताना ती रोखून धरता आली, तरी निम्मे काम होईल. बचत गटातील ज्या भगिनी आज दुसऱ्याच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने बोटे भाजून घेत मजुरीवर काजू फोडतात, त्यांचाच कारखाना का असू नये? ग्राहक म्हणून शहरातील कुटुंबानेही दिवाळीचा काजू घेताना पाकीट उलटून पाहावे, मूळ कोठले ते दुकानदाराला विचारावे. स्वदेशी ही घोषणा आहे, तशी ती दोन मिनिटांची चौकशीही आहे.

दरवर्षी फेब्रुवारीत पहिली बी पडू लागते. मेअखेर हंगाम संपतो. तोवर पोती भरलेल्या गाड्या आंबोली आणि फोंडा घाट चढत राहतात, आणि पावसाच्या तोंडावर वेंगुर्ल्याच्या केंद्रात ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ची कलमे नव्या मालकांची वाट पाहत उभी असतात.